डार्विन ते कॅथरीन: डावीकडे ओढणारी पांढरी यूट

एरवी या ब्लॉगवर मी कुठे काय खावं, कुठे स्वस्तात राहावं असलं लिहितो. आजही लिहीन, सवय जात नाही. पण जुलैत मी मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीहून ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तर टोकाला, डार्विनला गेलो तो फिरायला नाही. माझीच जुनी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, चालताना डावीकडे ओढते हे सिद्ध करायला गेलो. ती ओढते हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

जानेवारीत मुलीच्या शाळेसाठी आम्ही डार्विन सोडलं, तेव्हा यूट मी शैलेशला विकली. शैलेश माझा पुण्याचा कॉलेजमित्र, तिथे गॅसच्या साइटवर इंजिनिअर. पंधरा दिवसांत त्याचा फोन आला, "अरे, ही जरा डावीकडे जाते का?" मी म्हटलं, "रस्त्यांना कडेकडे उतार असतो रे. हाताला सवय होते." झालं, विषय संपला. मे महिन्यात तो कॅथरीनहून परतत असताना समोर वॉलबी, म्हणजे छोटं कांगारू, आलं. त्याने ब्रेक मारला आणि यूट झपकन डावीकडे गेली. कडेला एक सत्तरीचे गृहस्थ आपल्या कॅरॅव्हॅनचं चाक बदलत बसले होते. ते वाचले, पण त्यांचा एक पाय कापावा लागला.

आता शैलेशवर खटला आहे. लायसन्स गेलंय, आणि दोषी ठरला तर पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, विसरा, असं वकीलबाईंनी सांगितलंय. गाडीने ओढलं असं तो जीव तोडून सांगतोय, पण तपासणीत ब्रेक ठीक निघाले. निघणारच! थंड गाडीत तो दोष दिसतच नाही. दोन तास पळवली की पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक चिकटतो. हे मला कॅथरीनच्या केव्ह नावाच्या मेकॅनिकने गेल्या वर्षी तोंडी सांगितलं होतं. "नेक्स्ट टाइम" म्हणून मी निघून आलो होतो.

माझा प्लॅन असा होता: यूट तापवत केव्हकडे न्यायची, त्याच्याकडून दोष लेखी घ्यायचा, आणि कागद हातात पडला की शैलेशला खरं सांगायचं. तोवर त्याला एवढंच सांगितलं होतं की ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवू. भेकड माणसाचे प्लॅन असेच असतात.

मेलबर्न-डार्विन विमान साडेचार तासांचं. जुलै म्हणजे कोरडा सीझन, तेव्हा तिकिटं आणि हॉटेलं दोन-तीन महिने आधी बुक करा. इथे पहाटे सहा डिग्रीत निघालो आणि तिथे तिशीत उतरलो. मुक्काम शैलेशकडेच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोने, केतकीने, पोहे केले. डबा भरून देताना म्हणाली, "किती करतोस रे आमच्यासाठी. सुट्टी काढून आलास." तिला ऑफिसची घाई होती, ती निघून गेली. दारात यूट उभी होती. बंपर नवा दिसला. मला वाटलं, तेवढाच बदलला असेल.

लायसन्स नसल्यामुळे शैलेश शेजारी बसला. डार्विन ते कॅथरीन सव्वातीनशे किलोमीटर, रस्ता उत्तम, पुढे लिमिट एकशे तीसचं. पेट्रोल डार्विनलाच भरून घ्या. शहर सुटलं, वेग वाढला आणि यूट सरकायला लागली. पण उजवीकडे!

"ओढतेय!" शैलेश सीटवर पुढे सरकला. किती दिवसांनी त्याच्या आवाजात जीव आला होता. मग म्हणाला, "पण मला डावीकडे ओढायची ना रे."

"ॲक्सिडेंटमध्ये काहीतरी हललं असेल," मी म्हटलं. समोरून रोड ट्रेन, म्हणजे तीन डबे जोडलेला ट्रक, येत होती. मी स्टिअरिंग डावीकडे धरून ठेवलं. ती गेल्यावर पुन्हा गाडी मधल्या रेषेकडे सरकली.

ॲडलेड रिव्हर नावाच्या गावी थांबलो. इथे पबमध्ये मासे चांगले मिळतात. आम्ही हवा तपासली. चारही चाकांत सारखी होती. पुढे परत तेच. जिथे अपघात झाला तिथे शैलेश म्हणाला, "स्लो कर." मी केलं. कडेला वारुळं आणि जळकं गवत, दुसरं काही नाही. तो खाली उतरला नाही. फक्त म्हणाला, "त्या गृहस्थांनी मला पत्र पाठवलंय. रागावलेत असंही नाही. वाचवत नाही रे मला ते."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. "पाणी हवंय का?" एवढंच बाहेर आलं.

पाइन क्रीक गावापर्यंत गाडी चांगली तापली होती. ब्रेक चिकटत असेल तर ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापतं. हात जवळ नेला तरी कळतं. मी चारही चाकांजवळ हात धरला. सगळी सारखीच कोमट. म्हणजे ब्रेक चिकटत नव्हता. मग टायर बघावा म्हणून पुढची दोन चाकं अदलाबदल करायचं ठरवलं. टायरचा दोष असेल तर ओढ बाजू बदलते. शैलेशने जॅक काढला, पण रस्त्याकडेला बसेना. "इथे नको. आत पार्कात घे." आत घेतली, तरी मी नट सोडवत होतो तोवर तो माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये उभा राहिला, येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत. चाकं बदलून निघालो. यूट आपली उजवीकडेच.

कॅथरीनला पोचलो. केव्ह आता पासष्टीचा असेल. त्याने मला ओळखलं, यूट लिफ्टवर चढवली, टॉर्च घेऊन खाली शिरला आणि दोन मिनिटांत बाहेर आला.

"डावा ब्रेक नवाकोरा आहे. त्याच्या होजसकट, नळीसकट. कोणी केलं हे?"

शैलेशने तिथूनच केतकीला फोन लावला, स्पीकरवर. ती म्हणाली, "अरे, विकायचीय ना? गॅरेजवाल्याला म्हटलं, जे जे बदलता येईल ते बदल, पुढच्याला त्रास नको. गेल्याच आठवड्यात केलं. तुला सांगितलं होतं मी, तुझं लक्ष कुठे असतं हल्ली?" जुने पार्ट? ते गॅरेजने केव्हाच भंगारात टाकले होते.

गेल्या आठवड्यात. मी मेमध्ये तोंड उघडलं असतं, जूनमध्ये उघडलं असतं, तर तेव्हा तो ब्रेक जागेवर होता हो.

"पण अजून ओढतेय ना!" शैलेश केव्हला म्हणाला. बुडत्याला काडीचा आधार. केव्ह स्वतः गाडी घेऊन गेला, आम्ही दोघं शेजारी. हायवेवर त्याने बोटं स्टिअरिंगवरून उचलली. यूट सरळ. दोरीत चालल्यासारखी सरळ. मग मला बसवलं. यूट उजवीकडे.

"गाडी नाही, मेट. तू." केव्हने माझ्या मनगटावर टिचकी मारली. "डावीकडे ओढणारी गाडी इतकी वर्षं चालवलीस. या सीटवर बसलास की तुझे हात अजून तिला उजवीकडे धरून ठेवतात." आणि मग, अगदी सहज, "लास्ट इयरला सांगितलं होतं तुला, तो डावा ब्रेक करून घे म्हणून."

मी शैलेशकडे बघितलं नाही. बघवलं नाही. तो म्हणाला, "मी तुला फोन करून विचारलं होतं."

"हो."

"तू 'उतार आहे' म्हणालास."

"हो."

"मी त्याच दिवशी करून घेतलं असतं रे." तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

कॅथरीनचे गरम पाण्याचे झरे फुकट आहेत, जरूर जा. आम्ही गेलो नाही. केव्हने आठवत होतं तेवढं लिहून दिलं आणि आम्ही त्याच दुपारी उलटे फिरलो. सव्वातीनशे किलोमीटरमध्ये शैलेश एकदाच बोलला, "लेन सांभाळ." केतकीने दिलेला डबा तसाच परत गेला.

घरी येऊन मी शैलेशच्या वकीलबाईंकडे लेखी जबाब दिला: दोष मला माहीत होता, मी लपवला. वकील म्हणाल्या, कामाला येईल, पण थोडाच; पार्ट नाही, जुना कागद नाही, आणि तुम्ही मित्र आहात. खटला अजून उभा राहायचाय. शैलेश माझे फोन घेत नाही. बायको म्हणते, थांब, होईल शांत. मला नाही वाटत. मुलगी विचारते, "बाबा, इज शैलेश काका मॅड ॲट यू?" मी हो म्हणतो.

परवा यूटची जाहिरात दिसली. मी विकली तेव्हा जाहिरातीत एकच ओळ टाकली होती: मस्त कंडिशन, काही प्रॉब्लेम नाही. शैलेशची जाहिरात पानभर आहे. तो लिहितो: पुढचा डावा ब्रेक तापल्यावर चिकटायचा, तो बदललाय. या गाडीखाली एका माणसाचा पाय गेलाय, ती मी चालवत होतो. बंपर कधी बदलला, टायर किती झिजलेत, सगळं. माझं नाव कुठेच नाही. आणि शेवटी लिहिलंय: आणखी काही शंका असेल तर फोन करून विचारा, खरं सांगेन.