रंगाखालचा बोल्ट

खंडेनवमीला आमच्या गावाकडे विळ्यापासून नांगराच्या फाळापर्यंत घरातल्या सगळ्या लोखंडाची पूजा होते. भिलाईत आलो तेव्हा माझ्या हाती लोखंड म्हणून एकच होतं, ते म्हणजे टाउनशिपच्या बागखात्याचा छोटा ट्रॅक्टर. मागे पाण्याची टाकी जोडायची आणि नव्या सेक्टरांच्या रस्त्यांवर लावलेली गुलमोहराची, कडुनिंबाची रोपं शिंपत फिरायचं, हे माझं काम. कारखाना अजून उभा राहत होता, आणि रस्त्यांवर सावली अशी कुठे नव्हतीच.

शाळा सातवीत सुटलेली, घर दूर वर्ध्याकडे. खड्डे खणायच्या टोळीतून बागखात्याच्या साहेबांनी मला उचलून ट्रॅक्टरवर बसवलं होतं, तेही कच्च्या नेमणुकीवर. त्याचं मला अजून अप्रूप वाटतं. पण दुसरा बरा ड्रायव्हर मिळाला की आपण परत कुदळीवर, ही धास्ती रोज सीटवर माझ्याशेजारी बसलेली असायची. म्हणून त्या खंडेनवमीला मी ट्रॅक्टर नवरदेवासारखा सजवायचं ठरवलं. माळ्यांनी हात लावला. आम्ही तो धुतला, बॅटरी उतरवली, आड येणारे बोल्ट, पट्ट्या खोलल्या आणि स्टोअरमधून मागून आणलेला चंदेरी रंग चेसिसला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, दोनदा दिला. वाळल्यावर सगळं होतं तसं कसलं. आमच्यातल्या म्हाताऱ्या माळीकाकांनी बॅटरीजवळ चेसिसवर शेंदराचं स्वस्तिक काढलं. नारळ फुटला, झेंडूचा हार चढला.

दसऱ्याची सुटी संपवून सकाळी सेल्फचं बटण दाबलं तर नुसतं खट्ट. इंजिन जागचं हललं नाही. दिवा लावून पाहिला तर लागत होता, जरा पिवळट. बटण दाबलं की तोही डोळे मिटायचा.

पाऊस केव्हाच गेला होता आणि उन्हानं रोपांनी माना टाकल्या होत्या. माळ्यांनी धक्का मारला तेव्हा डिझेलचं इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि दिवसभर छान चाललं. वाटेत बंद केलं की पुन्हा सगळे मागे. काका म्हणाले, वरात बरी, तिथं निदान जेवण तरी असते. साहेबांनी ती वरात पाहिली. त्यांनी शांतपणे सांगितलं की उद्या सकाळी हा सेल्फवर उठला नाही तर ट्रॅक्टर जाईल गॅरेजमध्ये आणि मी जाईन खड्ड्यांवर.

मी एका ट्रकची बॅटरी मागून आणून लावली. पुन्हा खट्ट. बॅटरीची टोकं गरम पाण्यानं धुतली, घासली. तरी तेच. तेव्हा गॅरेजमधल्या वायरिंगच्या मिस्त्रीकडे गेलो. ते भंडाऱ्याकडचे होते. ड्यूटी संपवून घरी निघालेले, तरी सायकल वळवून माझ्याबरोबर आले. त्यांनी सेल्फकडे जाणारी जाड वायर बोटांनी चाचपली, स्विच पाहिला, एकेक जोड हलवून पाहिला. काही सापडेना. त्यांचा घरी जायचा वेळ मी खातो आहे याची मला लाज वाटत होती, पण एक गोष्ट कधीची डोक्यात घोळत होती ती विचारल्याशिवाय राहवेना.

“मिस्त्रीभाऊ, क्वार्टरच्या बल्बले दोन वायरी असतात. ह्याच्या दिव्याले एकच कावून हाये?”

“दुसरी हाये ना. हे आख्खं लोखंड म्हणजेच दुसरी वायर,” ते म्हणाले. “इकडून वीज जाते, लोखंडातून वापस बॅटरीत येते.”

“पण मग लोखंडातून बॅटरीत कुठून शिरते?”

ते उत्तर द्यायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. बॅटरीच्या दुसऱ्या टोकापासून एक विणलेली पट्टी चेसिसला बोल्टनं कसलेली होती. पट्टीच्या खाली, बोल्टच्या भोवती, आमचा रंग चकाकत होता.

“कोणं रंगवलं गा हे?”

“आमी सगळ्यायनं. खंडेनवमीले.”

मिस्त्रींनी एक जाड वायर घेतली. तिचं एक टोक बॅटरीच्या त्या टोकाला धरलं, दुसरं इंजिनच्या बिनरंगी नटावर दाबलं आणि मानेनं खूण केली. मी बटण दाबलं. इंजिन गरगर फिरलं आणि धडधडत सुरू झालं.

मग दिवा कसा लागत होता, मी विचारलं. ते म्हणाले, “दिव्याले थेंब पुरते. सेल्फले पाट लागते. तुमी पाटात बांध घातला.” रोज पाण्यातच असलेल्या मला हे लगेच पटलं.

इंजिन बंद करून ते बोल्ट खोलायला लागले, तर काका मध्ये आले. पूजेचा रंग, त्यावर शेंदूर, आणि तो खरवडायचा म्हणजे त्यांना काही बरं दिसेना.

“काका, देवीची वाट बंद करून तिले नमस्कार करून राहिले तुमी,” मिस्त्री पान्यावर जोर देत म्हणाले.

तेव्हा काकांनीच कमरेला खोचलेलं खुरपं काढलं. स्वस्तिकाची एक फांदी गेली. खालून लोखंड उघडं पडलं, त्यावर पट्टी कसली, आणि मी धक्क्याशिवाय, वायरीशिवाय बटण दाबलं. एकदाच. मिस्त्रींना मी चहासाठी थांबवत होतो. ते म्हणाले, घरी वाट पाहून राहिले असतील, आणि सायकलवर बसले.

सकाळी साहेब आले तेव्हा ट्रॅक्टर आपल्या बळावर उभा धडधडत होता. काय झालं होतं ते त्यांनी विचारलं नाही. रुग्णालयाच्या रस्त्याकडची रोपं आधी पाहा, फार सुकलीत, एवढंच म्हणाले. मी टाकी भरायला निघालो.

पुढल्या खंडेनवमीलाही आम्ही रंग दिला. त्या बोल्टभोवती मी आधी कापड गुंडाळलं, रंग वाळल्यावर सोडलं. पूजेच्या वेळी काका कुंकवाची वाटी घेऊन तिथं आले आणि थबकले.

“इथी लावू का नको?”

नको म्हटलं. मग त्यांनी बोल्ट धोतराच्या सोग्यानं पुसला आणि त्याला कोरडाच नमस्कार केला.