बेगमला सांगितलेल्या गोष्टी

गाडी सुरू करण्याआधी उस्ताद शेजारच्या सीटवर दोनदा थोपटायचे आणि म्हणायचे, “या, बेगम.” मग एक पिवळट, फाटक्या कानाची कुत्री टुणकन वर चढायची आणि खिडकीतून तोंड बाहेर काढून बसायची. ती माझी जागा होती.

उस्ताद आमच्या ट्रकचे मोठे ड्रायव्हर, मी धाकटा. लासूर स्टेशनच्या मोंढ्यात कांदा भरायचा आणि थेट कलकत्त्याला उतरवायचा. ते थकले की स्टिअरिंग माझ्याकडे, एरवी मी त्यांच्या शेजारी. बोलणं मात्र नाही. ‘हूं’, ‘चल’, ‘थांब’ एवढ्यावर आमची कितीतरी वर्षं निघाली. माणूसच अबोल, असं मी मनाला समजावलं होतं. मग शहागंजात एका चहाच्या हॉटेलासमोर ही कुत्री त्यांच्या मागे लागली, आणि माणूस अबोल वगैरे काही नाही हे मला कळलं.

पहिल्याच फेरीला दौलताबादचा किल्ला दिसेपर्यंत ते तिच्याशी जेवढं बोलले, तेवढं माझ्याशी सगळ्या वर्षांत बोलले नव्हते. त्यांच्या भावाची सीताफळाची बाग, जावयाचा तापट स्वभाव, गेलेल्या बायकोच्या हातची आमटी. मी हे सगळं ड्रायव्हरच्या पाठीमागच्या फळीवर, झोपायच्या जागेवर, आडवा पडून ऐकत होतो. तुम्हीही पाहिलं असेल, ट्रकच्या खिडकीतून कान उडवत जाणारं कुत्रं. बघणाऱ्याला मौज वाटते. त्याच्यापायी फळीवर कोण गेलं, हे कुणी विचारत नाही.

नागपूरच्या पुढे एका ढाब्यावर डाळ फार तिखट होती. उस्ताद आत ओरडले, “ओ भाई, एक फिकी दाल लाव. बेगमला सोसत नाय.”

मी म्हणालो, “उस्ताद, मलापण मूळव्याध हाय.”

“हूं,” ते म्हणाले.

मी चालवायला बसलो की बेगम लगेच उठून मागे त्यांच्या पायाशी जायची. माझ्या शेजारी ती एकदाही बसली नाही. मीही तिला कधी बोलावलं नाही. मनातून मला ती अजिबात आवडत नव्हती, आणि बहुधा तिलाही ते ठाऊक होतं.

एका फेरीला, भर दुपारी रायपूरच्या अलीकडे, मी डोळे मिटून फळीवर पडलो होतो. उस्ताद तिला म्हणाले, “बेगम, आता ही शेवटची फेरी बरं. समोरून एक गाडी आली तर मला दोन दिसतेत. कोणती खरी म्हणायची?”

मी ताडकन उठून बसलो. ते बोलतच होते.

“आता ह्यानंच चालवावी. हात लई चांगला हाय ह्याचा. घाटात तर माझ्याहून बरा उतरतो. पण त्वांडावर म्हणलं, तर डोक्यावर बसंल.”

इतकी वर्षं जे ऐकायला मी टपून बसलो होतो, ते त्यांनी कुत्रीला सांगितलं! मला रडू यायला लागलं आणि रागही आला. ते आपल्याला सोडून चाललेत, आणि ही गोष्टसुद्धा आपण मागून चोरून ऐकायची?

न राहवून मी म्हणालो, “उस्ताद, मला सांगा की! मी पण ह्याच गाडीत हाय.”

त्यांनी मागे पाहिलं नाही. गाडी सावकाश कडेला घेतली, बंद केली आणि बेगमच्या डोक्यावर हात ठेवला.

“बेगम, विचार ह्याला,” ते म्हणाले, “मी इतके दिवस काय नुसता तुझ्याशीच बोलत होतो व्हय?”

पुढे कलकत्त्यापर्यंत आणि तिथून परत घरापर्यंत गाडी मी चालवली. ती दोघं मागे.

नंतर उस्ताद दौलताबादला भावाच्या बागेत राहायला गेले. मी दोनतीनदा जाऊन आलो. आम्ही बाजेवर नुसते बसायचो. उठायची वेळ झाली की ते तिला म्हणायचे, “बेगम, ह्याला म्हणावं, जेवून जा.” मी जेवून यायचो.

ते गेले तेव्हा मी कांदा घेऊन वाटेवर होतो. परतल्यावर बागेत गेलो. भाऊ म्हणाले, “शेवटी शेवटी आमच्याशी एक शब्द नाय. कुत्रीशीच काय काय पुटपुटत होते. आम्ही ध्यान नाय दिलं.”

बेगम बाजेखाली पडली होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो, बराच वेळ. माझ्यासाठी काही निरोप असेल तर तो तिच्यापाशीच होता. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.