बाकावरचं मशीन

आमच्या सोसायटीच्या बाकावर दर रविवारी सकाळी दवाखाना भरतो. पाण्याचा टँकर एक वेळ चुकेल, हा दवाखाना चुकत नाही. पहिल्या मजल्यावरचे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले, मांडीवर प्रेशरचं मशीन घेऊन बसतात आणि बाकीचे बाही वर करून वाट बघतात. सांडोर गावाहून भाजी घेऊन येणारी बाईसुद्धा टोपली खाली ठेवून हात पुढे करते. आकडा चांगला आला की शाबासकी. जास्त आला तर, "वयाप्रमाणे आहे हो, एवढं चालतं." माझा या बाकावर राग आहे आणि तो मी लपवत नाही.

माझ्या नवऱ्याला बरीच वर्षं साखरेचा आजार आहे. गेल्या वर्षीच्या तपासणीत लघवीतून थोडं प्रोटीन जाताना दिसलं, प्रेशरही जरा वर होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट चाळला, "ही एक गोळी वाढवली, रोज घ्या," म्हणाले आणि बेल वाजवली. कशासाठी, हे मी विचारणार तोवर पुढची पेशंट माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली, म्हणून मी उठले. मेडिकलवाल्याने पाकिटावर पेनाने रेघ मारली. "प्रेशरची आहे, सकाळी एक." झालं. घरात तिचं नाव प्रेशरची गोळी पडलं आणि पुढचा सगळा घोटाळा या नावानेच केला.

कारण प्रेशर तर बाकावर मोजलं जात होतं. गोळी सुरू झाली, आकडा खाली आला आणि आमचे हे पहिला नंबर आलेल्या मुलासारखे जिना चढून वर आले. शेजाऱ्यांनी लगेच शहाणपण पाजळलं, "प्रेशर उतरलं ना? मग गोळी कशाला? या गोळ्यांनीच किडन्या जातात." यांना पटलं. साखरेच्या गोळ्या माझ्यादेखत घ्यायचे, ही तेवढी गुपचूप वगळायचे. गुडघा दुखला की मात्र दुकानातून कसलीही दुखण्याची गोळी आणून बिनधास्त गिळायची. तेव्हा किडनीची आठवण नाही.

मला कळलं ते माझी नणंद जेवायला आली तेव्हा. बहिणीसमोर यांची फुशारकी सुरू झाली, "प्रेशरची गोळी कधीच सोडली मी. काय झालं मला?"

मी डाव पातेल्यात आपटला. "अहो, कुणाला विचारून?"

"अगं, मशीनच सांगतंय ना, वयाप्रमाणे आहे."

पुन्हा तपासणी केली. प्रोटीन वाढलं होतं, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिनही वर गेलं होतं. डॉक्टर चिडले, आणि ते कुणावर, तर माझ्यावर. "मॅडम, तुम्ही लक्ष ठेवत नाही का?" गोळी सोडणारा माणूस शेजारी बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "लक्ष कशावर ठेवायचं ते तुम्ही सांगितलंत का? प्रेशर उतरल्यावर प्रेशरची गोळी का घ्यायची, हे आम्ही बाकाला विचारायचं?"

त्यांनी बेलवरचा हात काढला. मग सांगितलं की किडनीत बारीक चाळण्या असतात, साखरेने त्या खराब होतात. ही गोळी त्यांच्यावरचा दाब कमी करते, म्हणून प्रोटीन कमी गळतं. आकडा खाली आला होता तोही गोळीमुळेच. अधूनमधून रक्त तपासायचं, पण आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, आणि दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

"बिघडलंय ते सुधारेल?" यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"गेलेलं परत येत नाही. आहे ते सांभाळू."

एवढंच तर सांगायचं होतं. पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? रिक्षात मला रडू आलं नाही, नुसता राग आला. डॉक्टरांचा, बाकाचा, आणि बायकोपेक्षा मशीनवर भरवसा ठेवून आता मुकाट बाहेर बघत बसलेल्या या माणसाचा. त्याच्या किडनीवर माझंही म्हातारपण टेकलेलं आहे, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

रविवारी मी खाली उतरले. हेही मागोमाग आले. बाकासमोर उभी राहून मी शेजाऱ्यांना म्हटलं, "भाऊ, तुमच्या सल्ल्याने यांची किडनी बिघडली." आणि सगळ्यांच्या देखत चाळणीसकट सगळं सांगितलं. मला वाटलं, वाद घालतील. त्यांनी एकाच्या दंडावरचा पट्टा काढला आणि घडी घालत राहिले. तेवढ्यात टँकर आला, माणसं पांगली.

मग ते हळूच म्हणाले, "वहिनी, साखर मलाही आहे. असलीच गोळी मलाही दिली होती."

"मग?"

"मशीन आणल्यापासून बंद केली."

मी खूप काही बोलायचं ठरवून आले होते. त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. पाय सुजले होते, चपलेचे पट्टे आत रुतले होते. इतके रविवार त्या पायांकडे कुणी बघितलं नव्हतं, सगळ्यांचे डोळे आकड्यावर.

"उद्या चला आमच्या डॉक्टरांकडे," हे म्हणाले.

"मीही येते," मी म्हटलं. "आणि या वेळी कितीही बेल वाजू दे, सगळं सांगून होईपर्यंत मी खुर्चीवरून उठणार नाही."