पळसाच्या पानांचा माणूस

इंग्रजांची मोठी लढाई सुरू होती तेव्हा आमचं लगन झालं. हे नागपूरच्या कॉलेजात शिकलेले. लगनानंतर लगेच विमान चालवाले शिकाले फौजेत गेले. बाया मले चिडवत, "नवरा डोक्यावरून उडून राह्यला, जरा वर तं पाह्य!" मीही काही कमी नव्हती. म्हणे, "तुमचे तं बैलबंडीवरूनच पडते!"

मग तार आली. शिकता शिकताच विमान समुद्रावर गेलं न् परत आलं नाई. दुश्मनाची गोळी नाई, काही नाई. देहही सापडला नाई. "नाई सापडला म्हणजे आहे," सासूबाई म्हणाल्या, न् माह्या बांगड्या हातात तशाच राह्यल्या. दर साली मार्कंड्याच्या जत्रेत त्या मले हिरव्या बांगड्या भरून देत. मलेही तेच पाहिजे होतं, खोटं काऊन बोलू?

लढाई संपली, इंग्रज गेला, बारा वर्सं भरली. बेपत्ता माणसाची बारा वर्सं वाट पाहाची, मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याले अग्नी द्याचा, अशी रीत. मामाजी, म्हणजे माहे सासरे, म्हणाले, "पोरी, होऊन जाऊ दे. त्याचा जीव कुठी कुठी भटकंल?" सासूबाईनं भाताचा गंज चुलीवर आपटला. मग दोघंही माह्याकडं पाहू लागले. मी हो म्हटल्याबिगर कोणी पळसाले हात लावणार नव्हतं. किती दिवस मी कामाच्या निमित्तानं त्यांच्यासमोरून उठून जात राह्यली. माह्या एका शब्दानं माणूस मरणार होता ना! पण म्हातारा झुरून झुरून अर्धा झाला होता. शेवटी हो म्हटलं.

अंगणात भटजीनं पानं मांडली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. मी दारातून पाहून राह्यली होती. राहवलं नाई. ओरडली, "अहो, एवढुसे नव्हते ते! वाकल्याबिगर या दारातून येता येत नव्हतं त्यांले!"

भटजी चिडले. मामाजीनं मात्र नारळ वर सरकवला, खाली आणखी पानं लावली. "अजून," मी म्हटलं. त्यांनी अजून सरकवला.

ह्यांचा चेहरा मी विसरत चालली होती. पण खाटेवर त्यांले किती जागा लागे, ते माह्या अंगाले ठाऊक होतं. तेवढीच जागा आता अंगणात भरली होती. मले रडू नाई आलं. सगळ्यांच्या देखत त्या पानांच्या बाजूले जाऊन निजावंसं वाटलं. सासूबाईनं माहा दंड घट्ट धरून ठेवला, म्हणून दारातच राह्यली.