मनोहर आणि माझं आतडं

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोट साफ करायचं जुलाबाचं औषध पीत होतो. शेवटचा ग्लास हातात होता आणि थोड्याच वेळात तो स्वतः राजापेठेतून गाडी घेऊन माझ्या दारात येणार होता... मला स्कोपीसाठी, म्हणजे नळी घालून आतडं तपासायला, अकोल्याला न्यायला. त्याऐवजी त्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "काका, बाबा गेले. झोपेतच." दरवर्षी मला उपाशी ठेवून, ते खारट पाणी पाजून अकोल्याला फरफटत नेणाऱ्या माणसाने नेमका हाच दिवस निवडावा? अंत्यदर्शनाला गेलो खरा, पण त्यांच्या संडासाकडे किती वेळा धावलो ते विचारू नका. धड रडायलाही मिळालं नाही. त्याचा मला आजही राग येतो.

मनोहर पॅथॉलॉजिस्ट, मी वकील. शाळेपासूनची दोस्ती. साक्षीदाराकडून हो की नाही वदवून घेण्यात माझा जन्म गेला, पण या माणसाकडून ते कधी जमलं नाही. काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका तरुण डॉक्टरने माझ्या मोठ्या आतड्यातून एक डाग काढला. पॉलिप म्हणतात तो अळंबीसारखा वर आलेला असतो, नजरेत भरतो. हा अस्तराशी सपाट होता आणि मध्ये जरा खचलेला, कणकेवर बोट टेकल्यासारखा. एवढंसं तर आहे, असं मी म्हटल्याबरोबर मनोहर उसळला. "वर आलेलं निदान दिसते तरी! हे खचलेलं लहान असलं तरी लवकर खोल जाते. कॅन्सरच्या आधीची पायरी हाय हे." आता ते किती खोल गेलंय, यावर माझं आतडं कापायचं की नाही ते ठरणार होतं.

खरा वैताग पुढेच. असा तुकडा थर्माकोलवर टाचण्यांनी सपाट पसरून मग फॉर्मलीनमध्ये ठेवायचा असतो. माझा तसाच बाटलीत टाकला गेला आणि गुंडाळून बसला. गुंडाळलेल्याचा काप तिरका पडतो, खोली कळत नाही. मनोहरने त्या डॉक्टरला फोनवर जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही. मग काप घेण्यासाठी मेणात बसवलेला तुकडा मेण वितळवून बाहेर काढ, सरळ बसव, नवे काप घे... आणि रिपोर्ट काही देईना. रोज सकाळी माझ्याकडे यायचा, पोहे खायचा, क्रिकेटवर बोलायचा, पण रिपोर्टचं नाव नाही. बायकोचा जीव टांगणीला, माझी झोप उडालेली. शेवटी मी ओरडलो, "अरे, संशयाचा फायदा दे ना मले!"

"तो आरोपीले भेटते, वकील. पेशीले नाई भेटत." आणि वर म्हणाला, "पोह्यात मीठ कमी हाय."

मग एका दुपारी तो थेट कोर्टात आला. बाररूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाला, "वरच्याच थरात हाय. कडा साफ. कापाकापी नाई." मी त्याला मिठी मारायची सोडून शिव्या घातल्या. तो शांतपणे म्हणाला, "पण दरवर्षी स्कोपी. अन् मी संग येईन."

आला की! मी कुशीवर नको त्या अवस्थेत पडलेलो आणि हा डॉक्टरच्या पाठीमागे उभा. "हळू काढा नळी. आतड्याच्या त्या घडीमागं पाह्यलं काय?" डॉक्टर दातओठ खायचा. त्या दोघांची भांडणं ऐकत पडण्याइतकी लाजिरवाणी गोष्ट मी कोर्टातही भोगली नाही.

तो गेल्यावर ती राहिलेली स्कोपी मी टाळत राहिलो. मागच्या आठवड्यात अखेर एकटाच एसटीने अकोल्याला गेलो. गुंगीचं इंजेक्शन नको म्हणालो. "सगळं स्वच्छ आहे, काका," डॉक्टर म्हणाला आणि नळी बाहेर यायला लागली. "हळू काढा" म्हणणारं त्याच्या पाठीमागे कोणी नव्हतं. मला एकदम भीती वाटली. एखादी सपाट जागा नजरेतून सुटली असेल, तर आता ते सांगणार कोण?

"थांबा," मी म्हणालो. "घाई कावून करून राहिले? पुन्हा आत जा. नीट पहा."

"काका, आता तुम्हीसुद्धा?" डॉक्टर इतका वैतागला, की मला हसू आलं आणि डोळेही भरले. पण त्याने नळी थांबवली, आणि सपाट डागही उठून दिसावा म्हणून नर्सकडे आत फवारायचा निळा रंग मागितला.