पाठ केलेलं पुस्तक

गोंदियात नागपूरच्या डॉक्टरांचं शिबिर होतं. हुशार असूनही ज्यांना वाचता येत नाही अशा मुलांना तपासून दाखला देणार होते. तो मिळाला की दहावीला लेखनिक मिळतो. माझ्या मुलासाठी शाळेशी भांडभांड भांडून मी इथवर आलो होतो.

आमच्या पुढे तिरोड्याकडची एक बाई होती. बोलताना ती पोरीची रिबीन सारखी सोडायची, पुन्हा बांधायची.

"शाळेचं पुस्तक वाचून वाचून आयकवलं इले, भाऊ. समदं पाठ आहे. आता डॉक्टर कसा नापास करते, पाहू!"

मी काही सांगणार तोच पुकारा झाला. दार उघडंच होतं. पोरीनं त्याच पुस्तकातला धडा घडाघडा म्हटला. बोट एका ओळीवर, तोंड दुसऱ्याच ओळीवर. धानाच्या सौद्यात समोरच्याच्या हातांकडे बघायची मला सवय, म्हणून ते दिसलं. डॉक्टर घड्याळ बघत होते.

"छान वाचते. दाखल्याची गरज नाही."

"साहेब, दुसरं पुस्तक द्या तिला!" मी आत घुसून ओरडलो. त्यांनी मलाच बाहेर काढलं. तो राग अजून गेलेला नाही.

पोरगी नळावर गेली तेव्हा मी बाईला सगळं समजावलं.

"नापास व्हायले कोनती माय शिकवते, भाऊ?"

तेवढ्यात पोरगी धावत आली. "पास झाली ना वं मी, माय?"

"झाली, बेटा," बाई म्हणाली.