देवाला दोनदा विचारायचं नसतं

शोभाचा फोन आला तेव्हा मी कागलच्या एमआयडीसीत, कारखान्याच्या ऑफिसात बसलो होतो. "अण्णा गेले, दादा. ये," ती म्हणाली. मग जरा थांबून, "जेवून निघ, हितं आज चूल पेटायची न्हाय." ... ती रडत नव्हती. चंदगडच्या एसटीत बसेपर्यंत मलाही रडू आलं नाही.

अण्णा माझे थोरले चुलते. वडील मी लहान असतानाच गेले आणि अण्णांनी मला आपल्या एकुलत्या एका मुलीच्या, शोभाच्या, बरोबरीनं वाढवलं. बरोबरीनं हा शब्द लिहिताना हात अडखळतो, तरी राहू दे. काजू विकून त्यांनी माझी फी भरली. कोल्हापूरच्या माझ्या खोलीवर ते स्वतः खांद्यावरून तांदूळ आणून टाकत आणि पाणीसुद्धा न पिता परतीची गाडी धरत. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, तो त्यांच्यामुळं.

त्यांना मात्र असं म्हटलेलं चालायचं नाही. "मी कोण करणार? नाथानं केलं." आमच्या गावचा देव रवळनाथ, आणि त्याला कौल मागायचा मान आमच्या घराकडं. गुरव मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायचे, अण्णा हात जोडून प्रश्न विचारायचे. उजवी कळी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. बैल घ्यायचा असो, विहीर खणायची असो, अण्णांनी आपल्या डोक्यानं काही ठरवलेलं मी पाहिलं नाही. "आपल्याला फुडच्या वळणापतूर दिसतंय. त्याला समदा घाट दिसतोय," ते म्हणायचे, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा इतका निवांत असायचा की हेवा वाटावा.

मी दहावी झालो तेव्हा माझ्यासाठीही कौल लावला. "पोराला कोल्हापूरला धाडू का?" अण्णांनी विचारलं. डावी कळी पडली. अण्णा खाली पडलेल्या कळीकडं बघत गुरवांना म्हणाले, "प्रश्नच चुकला माझा. धाडू का न्हवं, शिकवू का, असं इचारायला पायजे हुतं. परत लावा." दुसऱ्यांदा उजवी पडली. अण्णांनी मला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दोन वर्षांनी शोभा दहावी झाली. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले होते आणि तिला नर्स व्हायचं होतं. मी सुट्टीला आलो होतो, म्हणून तिच्या कौलाच्या वेळी देवळात होतो. अण्णांनी विचारलं, कळी पडली ती डावीच. गुरवच म्हणाले, "अण्णा, परत लावू का?"

"देवाला दोनदा इचारायचं नसतंय," अण्णा म्हणाले.

"आणि दादाच्या वेळंला?" शोभा पायरीवरून म्हणाली.

"गप. तवा माझा प्रश्न चुकला हुता."

हे ते खोटं बोलले नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि मला आजही तेच सगळ्यात जास्त सलतं. पुढं शोभाच्या लग्नाला नाथानं पहिल्याच कळीला होकार दिला. चार वर्षांत नवऱ्यानं दुसरी आणली आणि ती बॅग घेऊन माघारी आली. "नाथाची मर्जी," अण्णा म्हणाले आणि भात लावायला गेले.

गेल्या पावसाळ्यात शुगरमुळं अण्णांचा पाय काळा पडला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गुडघ्याखाली कापूया, माणूस वाचेल. अण्णा म्हणाले, नाथाला विचारल्याशिवाय नाही. मी चिडलो. "यात देवाला काय विचारायचं?"

"बी.कॉम. झालास म्हणून नाथापरास श्याना झालास व्हय रं?"

त्यांना घरी आणलं. खुर्चीत बसवून चौघांनी देवळात नेलं. शोभा शेजारी उभी राहून पदरानं त्यांचा घाम टिपत होती. अण्णांनी विचारलं, "पाय कापू का?" ... डावी कळी पडली.

अण्णांच्या चेहऱ्यावर भीती मी पहिल्यांदा पाहिली. त्यांनी गुरवांकडं पाहिलं. गुरवांना कळलं. "प्रश्न बदलून लावूया का, अण्णा? जगवशील का, असं इचारू." अण्णांची नजर शोभाकडं गेली. देवाकडं बघतानाही त्यांची नजर कधी तेवढी लाचार झाली नव्हती.

"देवाला दोनदा इचारायचं नसतंय, अण्णा," शोभा म्हणाली. आवाज अगदी मऊ. पदर त्यांच्या कपाळावर तसाच होता.

मी ओरडलो, "लावा परत!" अण्णांनी हात वर केला. "नगं. पोरगी बरोबर बोलली. चला घरला."

त्यानंतर ते फार ओरडले. वेदनेनं, रात्रंदिवस. गल्लीतली माणसं दारं लावून घेत. शोभा रोज त्यांचा पाय धूत होती, पट्टी बदलत होती, इतक्या सफाईनं की तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, "ट्रेनिंग कुठं झालं तुमचं?" ती पट्टी गुंडाळत राहिली. अण्णांनी भिंतीकडं तोंड केलं.

हे लिहू का, असं मी तिला मागच्या आठवड्यात विचारलं. "लिव्ह की, मला कशाची चोरी?" ती सोप्याच्या भिंतींना चुना लावत होती. तिथंच आणखी एक विचारलं ... अण्णांच्या पायाच्या वेळी ती डावी कळी पडली, तेव्हा तुला काय वाटलं?

कुंचला थांबला नाही.

"पयल्यांदाच वाटलं बघ, देव हाय."

अण्णा ज्या भिंतीला टेकून बसायचे तिथं त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग आहे. तिनं सगळी भिंत पांढरी केली. डागाशी आल्यावर कुंचला आडवा धरला आणि त्याच्या कडेकडेनं, जपून, फिरवून घेतला.